भांडण देवाचं नव्हतं

आमच्याकडं ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की दोन ठरलेल्या गोष्टी ऐकायला मिळतात. गावातली माणसं म्हणतात, साहेबानं दुष्काळात ज्वारी वाटली आणि लोक बाटवले. आमच्या मंडळीतली माणसं म्हणतात, देवाचं वचन पेरलं आणि पीक आलं. मी नेवासे तालुक्यातला शेतकरी आहे. पेरलं आणि आलं, इतकं सोपं शेतीत कधी होत नाही. मधे पाखरं असतात, तण असतं, पाऊस दडी मारतो, बांध कोरणारा भाऊबंद असतो. या मधल्या गोष्टींबद्दल दोन्हीकडची माणसं बोलत नाहीत. हाताशी लागेल ते वाचून आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून मला जे कळलं ते इथं लिहितो.

पहिला विरोध कुणी केला? पुष्कळांना वाटतं राज्य इंग्रजाचं, म्हणजे पाद्र्याला रान मोकळं. पण मिशनरी आले तेव्हा त्यांना पहिली आडकाठी खुद्द इंग्रजांच्या कंपनी सरकारनंच केली. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मुंबईत उतरले. कंपनीचा धंदा कापसाचा, अफूचा आणि महसुलाचा. पाद्री आला की लोक बिथरतील, पलटणी बिथरतील, ही तिला धास्ती. १८०६ मध्ये वेल्लोरला पगडी आणि गंध यांवरून शिपाई उठले होते, ते साहेब लोक विसरले नव्हते. त्यातून त्या साली इंग्लंड आणि अमेरिकेचं युद्ध चालू, म्हणजे हे दोघे शत्रूच्या देशाचे. सरकारनं फर्मावलं, परत जा. दोघं गुपचूप गलबतात बसून कोचीनकडं निघून गेले, तर तिथून धरून पुन्हा मुंबईला आणले. त्याच साली विलायतेच्या पार्लमेंटनं कंपनीची सनद बदलली, मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली, म्हणून ते राहिले. हॉल मराठी शिकले, गावोगाव पायी फिरले. १८२६ मध्ये नाशिककडच्या फेरीवरून परतताना त्यांना वाटेत पटकी झाली आणि ते रस्त्यातच गेले.

नगरला हे लोक आले ते १८३१ च्या डिसेंबरात. पेशवाई जाऊन जेमतेम १३ वर्षं झाली होती. शाळा काढल्या, आंधळ्या-पांगळ्यांना अन्न दिलं. शाळा लोकांना हवी होती, धर्म नको होता. त्यामुळं त्या काळात एक रहाटगाडगं चालायचं. शाळा भरायची, मग एखाद्याच्या बाप्तिस्म्याची बातमी फुटायची, की आईबाप पोरांना हाताला धरून घरी न्यायचे, शाळा ओस. काही महिन्यांनी पुन्हा हळूहळू भरायची. मुंबईत १८३९ मध्ये विल्सन साहेबांच्या शाळेतली दोन पारशी पोरं ख्रिस्ती झाली तेव्हा असंच झालं, प्रकरण कोर्टात गेलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, आमच्या लोकांना आवडो न आवडो. सुरुवातीच्या मिशनऱ्यांची बोलण्याची तऱ्हा बरी नव्हती. स्वतःचं सांगण्याआधी ते दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवायचे. आपल्या दारात येऊन कुणी आपल्या देवाचे वाभाडे काढले तर आपण त्याला पाणी विचारू का? त्याचं उत्तरही मिळालं. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये हिंदुधर्माच्या बाजूनं पुस्तक छापलं, त्यावर विल्सननी १८३२ मध्ये दुसरं छापलं, आणि वाद चालत राहिला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत होते. जानेवारीपासून मे अखेरपर्यंत ह्या सभा चालल्या. मे महिन्यात तिकडं मीरतेला बंदुका सुटल्या आणि इकडं वाळूवर माणसं आत्मा, पाप आणि पुनर्जन्म यांवर भांडत होती. मला विष्णुबुवांचं कौतुक वाटतं. विरोध करायचा तर तो असा, समोर उभं राहून, ऐकून घेऊन, शब्दानं. असा विरोध आमच्या खेड्यांच्या वाट्याला फारसा आला नाही.

शहरातल्या उच्च जातीच्या घरात मात्र दुःख मोठं होतं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याच्या मागोमाग त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडं जाऊन राहिला. पोरगं अजाण वयाचं. बाप कोर्टात गेला, कोर्टानं पोरगं बापाच्या हवाली केलं. आता झालं असं, की साहेबाच्या घरी जेवलेल्या पोराला जात परत घेईना. बाळशास्त्री जांभेकर पुढं झाले, म्हणाले प्रायश्चित्त देऊन याला घेऊ. तर सनातनी मंडळी बाळशास्त्र्यांवरच उलटली. एवढा मोठा विद्वान, दर्पण काढणारा, त्यालाही सुटका नाही. पोरानं जावं हे चूक आणि त्याला परत आणावं हेही चूक! थोरला नारायण पुढं जालन्याकडं गेला, निजामाच्या मुलखात त्यानं बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथं त्याच्याभोवती जमले ते बहुतेक मांग समाजाचे लोक.

१८५० मध्ये सरकारनं कायदा केला की धर्म बदलला किंवा जातीतून काढलं म्हणून कुणाचा वारसाहक्क बुडणार नाही. त्यालाही लोकांनी विरोधाचे अर्ज केले. पण हे सगळं वाडे, जमिनी, दागिने असलेल्यांचं. आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग. महाराला वारसाहक्कानं काय मिळायचं? हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि बलुतं. बलुतं म्हणजे हक्क खरा, पण तो गावकामाला बांधलेला. काम सोडलं की खळ्यावर पसा पडायचा बंद. आणि काम तरी कसलं? वेशीवर पहारा, सरकारी पट्टीची थैली तालुक्याला पोचवायची, कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावी निरोप घेऊन पळायचं, पाटलाच्या घोड्यापुढं धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं, जत्रेत रेड्याचा आणि मरीआईच्या गाड्याचा मान म्हणून जो काही होता तो करायचा. मानच म्हणायचे त्याला!

आता माणूस ख्रिस्ती झाला की मिशनरी सांगणार, मूर्तीपुढचं काम करू नको, मेलेलं खाऊ नको, रविवारी काम करू नको. म्हणजे गावाच्या हिशेबात तीन खिळे उपटले. गावानं विरोध केला तो इथं. येशू कोण, कुठला, त्याला क्रुसावर का दिलं, हे पाटलानं कधी विचारलंच नाही. आमच्या मुलखात देवांची काय कमी आहे, तेहेतीस कोटीत एक वाढला असता. त्याचं म्हणणं एवढंच, की ढोर कोण ओढणार.

आमचे पणजोबा छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये ख्रिस्ती झाले. ‘दुष्काळी ख्रिस्ती’ हा टोमणा आम्ही चार पिढ्या ऐकतोय. ते मिशनच्या दुष्काळी कामावर गेले होते, ज्वारी घेतली, हे खरंच आहे, नाकारायचं कशाला? पोरं उपाशी होती. पण नंतर पाऊस पडला, काम बंद झालं, ज्वारी बंद झाली. तेव्हा माघारी फिरले असते तर बलुतं परत मिळालं असतं. गाव तर म्हणतच होतं, दंड भर, जेवण घाल, ये. ते गेले नाहीत. पोटासाठी बाटलेला माणूस पोट भरायची वेळ आल्यावर तिथंच का थांबतो, याचं उत्तर टोमणा मारणाऱ्यानं द्यावं.

आजोबा नगरला मिशनच्या शाळेत शिकले आणि आमच्याच गावात मास्तर होऊन आले. दिवसा शाळा, रात्री कीर्तन. तुम्ही म्हणाल ख्रिस्ती माणसाचं कीर्तन कसलं. नगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनाची पद्धत पाडली होती. वीणा, टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं रीतसर, फक्त आख्यान येशूचं. आजोबा पूर्वरंगाला हमखास ज्ञानदेवांना घ्यायचे. नेवासं म्हणजे जिथं खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली ती जागा. संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं, आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ती चार भावंडं. हे सांगताना वारकरी म्हातारे माना डोलवायचे. उत्तररंग सुरू झाला की एकेक जण उपरणं झटकून उठायचा. पण काही बसून राहायचे. आजोबांचं गणित साधं होतं, वीस उठले आणि तीन बसले तर कीर्तन झालं.

एका जत्रेच्या आधी त्यांच्या कीर्तनात शेण-माती फेकली, कंदील फोडला. याचं त्यांना फार काही वाटलं नव्हतं. सांगताना ते हसायचे, कंदील मिशनचा होता म्हणायचे. हसू मावळायचं ते विहिरीची गोष्ट सांगताना. महारवाड्याची विहीर एकच. गावच्या विहिरीवर आम्हाला कुणालाच पाणी नव्हतं, ख्रिस्ती असो नाहीतर नसो. पण वाड्यातली चार-पाच घरंच ख्रिस्ती झालेली, बाकीचे जुन्या रीतीचे. एके सकाळी आजी घागर घेऊन गेली तर तिच्या सख्ख्या चुलतसासऱ्यानं रहाटाचा दोर काढून घरी नेलेला. आजोबा विचारायला गेले. तो म्हातारा म्हणाला, “तू रेडा वढनार न्हाईस, मंग तुझ्या वाटनीचा रेडा बी म्याच वढायचा का? तुझा देव तिकडं सर्गात ऱ्हातो, मला हितं गावात ऱ्हायचंय.”

मला वाटतं साऱ्या इतिहासात याच्याइतका खरा आक्षेप कुणी घेतला नसेल. बरोबरच होतं त्याचं. गावकीचं काम वाड्यावर पाळीनं वाटलेलं. पाच घरांनी अंग काढलं की ते ओझं बाकीच्यांच्या पाठीवर. माणूस एकटा सुटला असं त्याला वाटतं, पण त्याच्या वाट्याचं दावं भावाच्या गळ्यात पडतं. आजोबांनी यावर आठ दिवस विचार केला म्हणे. मग चावडीसमोर जाऊन सांगितलं, की मरणाचा निरोप नेईन, पट्टीची थैली नेईन, पहाऱ्याची पाळी करीन. मरीआईचा गाडा ओढणार नाही, मेलेलं खाणार नाही आणि माझ्या वाड्यातही खाऊ नका असं सांगत राहीन. भाऊबंदांनी दोर परत लावला. पण हे मिशनच्या साहेबाला कळलं, तेव्हा तो रागावला. मिशनचा मास्तर येसकरासारखा पळतो हे त्याला कमीपणाचं वाटलं, पगार अडकवला. म्हणजे विहिरीचा दोर सुटला तर पगाराचा दोर आवळला. आजोबा तरीही पाळी करत राहिले, वर्षभर तरी केली. पुढं साहेब बदलला, प्रकरण विरलं.

पहिल्या महायुद्धात पाटलाच्या घरातला एक जण पलटणीबरोबर बसऱ्याकडं गेला होता. कुलकर्णी तालुक्याला राहायला गेलेला, गावात पत्र वाचणारं कुणी नाही. पाटलाची आई महारवाड्याच्या कडेला येऊन उभी राहायची, पत्र लांबून जमिनीवर टाकायची आणि म्हणायची, “मास्तर, कागुद वाच. त्या येसूचं काई नगं सांगू.” आजोबा पत्र वाचायचे. येशूचं सांगायचे नाहीत. घरात आजी चिडायची, की अशी वेळ आणि तुम्ही गप्प? आजोबा म्हणायचे, आईला लेकाचं ऐकू दे.

आजीनं स्वतःही सोसलं होतं. लग्न झालं तेव्हापासून तिचं माहेर तुटलं. दिवाळीला भाऊ न्यायला आला नाही, बाप मेल्याचा निरोप तिला तिसऱ्या दिवशी कळला. बाईमाणसाचं हे दुःख कुठं लिहिलेलं सापडतं ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं पंढरपुरात काढली. नंतर त्या नवऱ्याकडं परत आल्या, पण वेगळी चूल, वेगळं पाणी असं सोवळं पाळत राहिल्या. शेवटी १९०० मध्ये स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी घाई केली नाही. नगर, राहुरी हे सगळं आमच्या बाजूचं. आजीला वाचता यायचं नाही, तिला ते पुस्तक माझ्या आईनं वाचून दाखवलं. सोवळ्याच्या चुलीचा भाग आला की आजी खूप हसायची आणि मग गप्प बसायची.

टिळकांना जातभाईंचा विरोध झाला तसा स्वतःच्या मिशनचाही काच झाला, हे फार लोकांना ठाऊक नाही. त्यांचं म्हणणं, ख्रिस्त हा आशियातला गुरू, त्याला विलायती टोपी घालून गावात आणू नका. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग रचले, भजनं लिहिली. आज आमच्या ‘उपासना संगीत’मधली गाणी काढून पाहा, गोडवा कुठून आला ते कळेल. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यालाही जागा आणि न घेतलेल्यालाही. ९ मे १९१९ ला ते गेले. पुरू नका, दहन करा, असं सांगून गेले होते.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये पुण्यात काहूर उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आणि त्याच्याआधी, सदनात बायबल सक्तीनं शिकवत नाहीत म्हणून मिशनरी त्यांच्यावर नाराज होते. दोन्ही अंगानं मार.

खेड्यात आणखी एक तमाशा व्हायचा. अमेरिकन मिशन आधी होतंच, १८७० नंतर इंग्लंडच्या चर्चचं मिशन नगरकडं आलं, पुढं रोमन कॅथलिक आले. एकाच गावात दोन शाळा, दोन मास्तर, दोन घंटा. या मिशनवर रुसलेला त्या मिशनमध्ये जायचा. गाववाले पारावर बसून मजा बघायचे आणि विचारायचे, तुमचा येशू एक का दोन? याला आजोबांकडं उत्तर नव्हतं.

१३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्याला सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. येवलं आमच्यापासून काही लांब नाही. त्यानंतर वाड्यातल्या पोरांनी आजोबांना नवाच प्रश्न विचारायला सुरुवात केली, की तुम्ही साठ-सत्तर वर्षं सांगताय, मग ख्रिस्ती झालेल्याला गावात माणूस म्हणून घेतलं का? हा विरोध शेण फेकणाऱ्यांचा नव्हता, शिकलेल्या पोरांचा होता, आणि त्यातली अर्धी पोरं आजोबांच्याच हाताखाली अक्षर गिरवलेली. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि वाडा बौद्ध झाला. वाड्यानं एका दिवसात ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही, जत्रेचं काम करायचं नाही. गावानं साऱ्यांवर बहिष्कार टाकला. किराणा बंद, मजुरी बंद. ज्या म्हाताऱ्यानं रहाटाचा दोर नेला होता त्याचा नातू त्यात पुढारी. आजोबा तेव्हा साठी ओलांडलेले. ते त्या पोराच्या घरी गेले आणि आपल्या कणगीतली ज्वारी त्याच्या दारात ओतून आले. त्यानं विचारलं, “मास्तर, ही ज्वारी घेतली म्हणून मला बी बाटवनार का काय?” दोघंही हसले म्हणे. १९५८ च्या कायद्यानं तसली वतनंच गेली, आणि ढोर कोण ओढणार हा प्रश्न ग्रामपंचायतीकडं गेला.

राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात आपला धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रचार करण्याचाही हक्क लिहिलेला आहे. सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये सांगितलं की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे. मला दोन्ही पटतं. आजोबांनी तेच केलं, सांगत राहिले. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं एक गोष्ट पक्की झाली, की अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याची ती सवलत गेली. आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेरच. महाराष्ट्रात आम्हाला इतर मागासवर्गात धरतात.

त्या नातवाचा नातू आणि माझा नातू एकाच वर्गात होते. बारावीनंतर दोघांचे दाखले काढायला आम्ही दोघं म्हातारे तहसील कचेरीत एकाच बाकावर बसलो होतो. खापरपणजोबा एक, वाडा एक, विहीर एक, जुन्या कागदावर जात एक. दाखले दोन निघाले. कारकुनानं माझ्या कागदाकडं बघून विचारलं, “तुम्ही नक्की कोण म्हणायचे, काका?” मी उत्तर द्यायच्या आत शेजारचा म्हातारा म्हणाला, “आमचीच भावकी हाय ती. आमच्या आधी निघाली, येवढंच.” कारकुनानं शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली.